रस्त्याकाठचे सँडर्स

आमच्या इंदुरात हल्ली दुकानांच्या ज्या टोलेजंग इमारती झाल्या आहेत, त्यांतल्या एकीच्या दर्शनी भागी एका वृद्ध गृहस्थाचा चेहरा लावलेला आहे. पांढरी दाढी, चष्मा, गळ्याशी काळी फीत, आणि दारी पाहुणे आले असता यजमानाच्या मुखावर उमटते तसे हसू. माझा नातू त्यांना कोंबडीवाले आजोबा म्हणतो. पुष्कळांची समजूत अशी की, हा चेहरा कोणा जाहिरातवाल्याने कल्पनेने काढून घेतला असावा. माझीही बरीच वर्षे तीच समजूत होती. आमच्या घरी चातुर्मासात कांदादेखील उंबरठ्याबाहेर राहतो, तेव्हा त्या दुकानाची पायरी चढण्याचा योग मला आला नाही आणि पुढे येईलसे वाटत नाही.

पण माणूस खरा होता. हार्लंड सँडर्स हे त्यांचे नाव. जन्म १८९० चा, मृत्यू १९८० चा. तळलेल्या कोंबडीने त्यांचे नाव जगभर नेले हे खरे. परंतु तो उद्योग त्यांनी पूर्ण वेळ हाती घेतला तेव्हा त्यांना पासष्ट वर्षे उलटून गेली होती. त्याआधी सव्वीस वर्षे हे गृहस्थ अमेरिकेच्या केंटकी राज्यात, कॉर्बिन नावाच्या लहान गावाबाहेर, हमरस्त्याच्या कडेला मोटारीने येणाऱ्या वाटसरूंना जेवू घालीत आणि रात्री निजावयास स्वच्छ खोली देत. त्यांचा खरा धंदा तो. मला सांगावयाचे आहे ते त्या रस्त्याकाठच्या हॉटेलाविषयी.

चार-पाच वर्षांपूर्वी माझा मुक्काम ओहायो राज्यात मुलीकडे होता. जावईबापूंनी दक्षिणेकडील डोंगर पाहण्याचा बेत काढला आणि वाटेत कॉर्बिन लागले. तेथे सँडर्स यांच्या हॉटेलाची भोजनशाळा जपून ठेवली आहे. पाहून आलो, आणि तेव्हापासून या माणसाच्या चरित्राने माझा पिच्छा सोडला नाही.

इंडियाना राज्यातील हेन्रीव्हिल गावाजवळ ९ सप्टेंबर १८९० रोजी त्यांचा जन्म झाला. पाच वर्षांचे असता वडील वारले. आई टोमॅटो डबाबंद करण्याच्या कारखान्यात कामाला जाऊ लागली आणि धाकट्या भावंडांना करून घालण्याचे काम या पोराच्या गळ्यात आले. सातव्या वर्षी त्याला पाव भाजता येत होता. आईने दुसरे लग्न केले. बारा-तेराव्या वर्षी शाळा सुटली, पाठोपाठ घरही सुटले. पुढची पंचवीस वर्षे म्हणजे एका माणसाच्या अंगात किती नोकऱ्या मावतात याचा जणू हिशेबच आहे. वय वाढवून सांगून सैन्यात शिरले व क्यूबात खेचरांच्या गाड्या हाकल्या. आगगाडीच्या एंजिनात कोळसा लोटला. टपालाने कायद्याचा अभ्यास करून आर्कान्सॉ राज्यात लिटल रॉक येथे वकिली केली, आणि भर कचेरीत स्वतःच्याच पक्षकाराशी हातघाईवर येऊन ती घालविली. ओहायो नदीवर प्रवासी बोट चालविली. त्या बोटीत मिळालेला पैसा कार्बाइडच्या गॅसवर जळणाऱ्या दिव्यांच्या कारखान्यात घातला, तोच खेडोपाडी विजेचे दिवे आले आणि कारखाना बुडाला. मोटारींचे टायर विकले. तापट स्वभाव, फटकळ तोंड आणि कामाला वाघ. असा माणूस कोणाच्या हाताखाली टिकणे कठीणच.

मोटारीचे टायर विकता विकता ते पेट्रोलच्या धंद्यात आले. १९२४ पासून केंटकीतील निकोलसव्हिल येथे त्यांनी पंप चालविला. पुढे मंदी आली, शेतकरी नागवले, पंप बंद पडला. तेव्हा १९३० साली शेल कंपनीने त्यांना कॉर्बिनबाहेरचा एक पंप देऊ केला. भाडे नाही, विक्रीवर कंपनीचा वाटा, एवढाच करार. सँडर्स तेव्हा चाळिशीला आले होते. हाती पुंजी नव्हती, पदरी बायको आणि तीन मुले.

येथे थोडे थांबून त्या काळची मोटारीची वाट कशी होती ते सांगितले पाहिजे, कारण त्यावाचून या हॉटेलाचे मर्म कळावयाचे नाही. आगगाडीच्या उतारूसाठी हॉटेले होती ती शहराच्या मध्यभागी, स्टेशनाजवळ. मोटारवाला तेथे धुळीने माखलेल्या कपड्यांनिशी जाण्यास संकोचे, आणि गाडी कोठे उभी करावी हाही प्रश्न असेच. म्हणून १९२० च्या सुमारास लोक गाडीत तंबू, भांडी व गाद्या घालून निघत आणि गावोगावच्या नगरपालिकांनी राखलेल्या मोकळ्या जागेत उतरत. मग कोणी शेतकरी रस्त्याच्या कडेला चार लाकडी खोपटी बांधून ती रात्रीपुरती भाड्याने देऊ लागला. १९२५ च्या डिसेंबरात कॅलिफोर्नियातील सॅन लुईस ओबिस्पो येथे आर्थर हाइनमन या वास्तुशिल्पज्ञाने मोटार आणि हॉटेल हे दोन शब्द जोडून मोटेल हे नाव आपल्या विश्रामगृहाला दिले. ते नाव पुढे रूढ झाले. अहिल्याबाईंच्या धर्मशाळा व बारवा ज्यांच्या घराण्यांनी वापरल्या, त्या आमच्यासारख्यांना यात नवल वाटू नये. वाट आली की मुक्काम आला. फरक इतकाच की, येथे पुण्याऐवजी डॉलर मिळवावयाचे होते, आणि ज्याची खोली घाण त्याच्याकडे दुसऱ्या खेपेस कोणी थांबत नसे.

या खोपट्यांची अब्रूही फारशी चांगली नव्हती. चोर, दारूवाले आणि खोटी नावे सांगून उतरणारी जोडपी यांचे ते अड्डे आहेत, असा बोभाटा होता. अमेरिकेच्या गुप्त पोलिसांचे मुख्य एडगर हूव्हर यांनी १९४० साली एका मासिकात लेख लिहून या मुक्कामांवर झोड उठविली होती. बायकामुलांना घेऊन निघालेल्या सभ्य माणसाने अशा ठिकाणी उतरावे की नाही, हा खराच प्रश्न होता.

कॉर्बिनजवळून जाणारा रस्ता क्रमांक पंचवीस हा उत्तरेकडील मिशिगन, ओहायो या कारखानदारीच्या मुलखांतून दक्षिणेकडे उतरणारा. थंडी पडली की उत्तरेची माणसे या वाटेने फ्लॉरिडाच्या उन्हाकडे निघत. वाहतूक चांगली, पण जागा वाईट. आजूबाजूच्या डोंगरांत चोरटी दारू गाळली जाई आणि भांडणे बंदुकीने मिटविली जात. सँडर्स यांनाही त्याचा प्रत्यय आला. त्यांनी पंपाकडे वाट दाखविणारी पाटी रंगविली होती, आणि शेजारचा दुसरा पंपवाला तिच्यावर रंग फासून जाई. १९३१ साली या पाटीपायी गोळीबार झाला. त्यात शेल कंपनीचा एक अधिकारी ठार झाला आणि सँडर्स यांनी झाडलेल्या गोळीने तो पंपवाला जखमी झाला. त्याला तुरुंगवास झाला, सँडर्स सुटले. जगभर ज्यांचे हसू मिरवले जाते त्या आजोबांचा हा अध्याय मी नातवाला अजून सांगितलेला नाही.

गाडी पंपावर लागली की पेट्रोल घ्या अथवा न घ्या, सँडर्स प्रथम तिची काच पुसून देत. वाटसरू विचारीत की, येथे पोटाला काही मिळेल का? जवळपास धड खाणावळ नव्हती. पंपालगतच्या खोल्यांत सँडर्स यांचे बिऱ्हाड होते. घरचे जेवणाचे टेबल सहा माणसांचे. त्यांनी तेच ग्राहकांपुढे मांडले. घरात जे शिजे ते पाहुण्याच्या पानात पडे. खारवलेले मांस, तळलेली कोंबडी, शेंगभाज्या, गरम पाव. लहानपणी भावंडांसाठी धरलेली पळी अशी पुन्हा हाती आली. सहा जागा पुरेनात तेव्हा रस्त्यापलीकडे मोठी जागा घेतली, आणि जेवून उठलेला माणूस रात्री कोठे टेकणार हे ओळखून निजण्याच्या खोल्या बांधल्या. याच वर्षांत, १९३२ साली, त्यांचा एकुलता मुलगा घशाच्या दुखण्याने गेला. चरित्रे या गोष्टीला एकेक ओळ देतात आणि पुढे सरकतात. दुसऱ्या दिवशीही रस्त्यावर गाड्या थांबल्या असतील आणि त्यांना जेवण लागले असेल, एवढेच मला सुचते.

१९३५ साली केंटकीचे गव्हर्नर रूबी लफून यांनी त्यांना कर्नल ही पदवी दिली. तिचा पलटणीशी काही संबंध नाही. आमच्याकडे रावसाहेब, रावबहादूर होत, त्यातलाच प्रकार. पुढे हाइन्स नावाचे एक गृहस्थ आपल्या पुस्तकात त्यांच्या भोजनशाळेची शिफारस करू लागले. डंकन हाइन्स हे मूळचे फिरते विक्रेते. देशभर हिंडता हिंडता कोठे चांगले खावयास मिळते याची टिपणे त्यांनी ठेवली, १९३६ साली पुस्तकरूपाने छापली, आणि अमेरिकन मोटारवाला ती जवळ बाळगू लागला. त्यात नाव येणे हे त्या काळी मोठे प्रशस्तिपत्र होते.

१९३९ च्या नोव्हेंबरात हॉटेल जळाले. सँडर्स यांनी ते पुन्हा बांधून १९४० च्या जुलैत उघडले. आज जी इमारत उभी आहे ती हीच. भोजनशाळा सुमारे एकशेचाळीस माणसांची. खोल्यांतून गालिचे, फरशीची न्हाणीघरे, भरपूर गरम पाणी, आणि प्रत्येक खोलीत रेडिओ.

या नव्या इमारतीत त्यांनी एक युक्ती केली, आणि माझ्या मते या माणसाची सारी बुद्धी त्या युक्तीत दिसते. भोजनशाळेच्या आतच त्यांनी नमुन्यादाखल एक निजण्याची खोली बांधली. मागे मोटेलात जशा खोल्या होत्या, हुबेहूब तशी. तोच पलंग, तेच सामान, तेच न्हाणीघर. आणि बायकांच्या प्रसाधनगृहाची वाट या खोलीतून ठेवली. रात्री कोठे उतरावयाचे हे गाडी चालविणारा पुरुष ठरवीत नसून शेजारी बसलेली गृहिणी ठरविते, हे त्यांनी ओळखले होते. दिवसभराच्या प्रवासाने शिणलेली बाई हात-तोंड धुवावयास निघाली की वाटेत ती चादरीची घडी पाही, गालिच्यावर पाऊल ठेवी, न्हाणीघरात डोकावे. परत येऊन ती नवऱ्याला काय सांगत असेल हे सांगावयास नको. मोटेलांच्या बदलौकिकावर याहून उत्तम उत्तर कोणी दिले असेल असे मला वाटत नाही. पाटीवर स्वच्छतेचे कितीही गोडवे गायिले तरी बायका त्यावर विश्वास ठेवीत नाहीत. आमच्या घरीही ठेवीत नाहीत.

कोंबडीची गोष्ट याच काळातली. तव्यावर ती तळावयास अर्धा तास लागे आणि वाटसरूला घाई. आधी तळून ठेवावी तर उरलेली वाया जाई. भरपूर तेलाच्या कढईत लवकर होई, पण त्यांच्या जिभेला ती चव पसंत नव्हती. १९३९ च्या सुमारास बाजारात दाबाखाली शिजविणारी भांडी आली होती. आमच्या स्वयंपाकघरांत वरणभाताला जो कुकर लावतात त्याचेच ते भावंड. सँडर्स यांनी त्यात तेल घालून कोंबडी तळण्याचा प्रयोग केला, आणि आठ-नऊ मिनिटांत ती होऊ लागली. तापल्या तेलावर दाबाचे झाकण लावणे हे धाडसाचेच काम होते. वाचकांपैकी कोणी घरी करून पाहू नये. मसाल्याचे मिश्रणही या दिवसांत ठरले.

मग महायुद्ध आले. १९४१ च्या डिसेंबरात अमेरिका त्यात उतरली, पेट्रोल शिधापत्रिकेवर गेले, आणि मोटारीने सहलीला जाणारा माणूस रस्त्यावरून नाहीसा झाला. नॉर्थ कॅरोलायनातील ॲशव्हिल येथे सँडर्स यांनी घेतलेले दुसरे मोटेल बंद पडले. ते स्वतः दुसऱ्यांच्या उपाहारगृहांत चाकरीला लागले. त्यातले एक टेनेसीतील ओक रिज येथे, जेथे अणुबाँबसाठी युरेनियम शुद्ध करण्याचे काम चालले होते. कॉर्बिनचे हॉटेल तोवर क्लॉडिया नावाच्या कर्तबगार बाईंनी सांभाळले. १९४७ साली सँडर्स यांचा पहिला संसार मोडला आणि १९४९ साली क्लॉडियाबाईंशी त्यांचे लग्न झाले. यात पहिल्या पत्नी जोसेफिन यांच्यावर अन्याय झाला, असे मला वाटते. पडत्या काळी ज्यांनी सहा जणांचे टेबल परक्यांसाठी मांडू दिले, त्यांचा त्या रस्त्यावर कोठे फलक नाही.

युद्धानंतरची दहा वर्षे भरभराटीची गेली. १९५३ साली त्या मालमत्तेला दीड लाख डॉलरांहून अधिक रक्कम कोणी देऊ करीत होते. सँडर्स यांनी ती नाकारली. चालता धंदा कोण विकतो?

पुढे रस्ता हलला. १९५६ साली अमेरिकेत सबंध देशभर एकेचाळीस हजार मैलांचे नवे महामार्ग बांधण्याचा कायदा झाला. हे रस्ते गावांत शिरत नाहीत, चौकात थांबत नाहीत, मधूनच कोणाला वर येऊ देत नाहीत. पंचाहत्तर क्रमांकाचा महामार्ग कॉर्बिनला वळसा घालून जाणार असे जाहीर झाले. ज्या दाराशी रोज शेकडो गाड्या थांबत, त्या दारावरून आता कोणी जाणारच नव्हते. जेवण तेच, खोली तीच, गरम पाणीही तेच. सँडर्स यांच्या हातून काही चूक झाली नव्हती, म्हणून सुधारण्यासारखेही काही नव्हते. आमच्या आग्रा-मुंबई रस्त्याला शहराबाहेरून वळण दिल्यावर जुन्या वाटेवरची चहा-पोह्यांची ठिकाणे कशी सुनी झाली हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना याहून अधिक सांगण्याची जरुरी नाही. अशा एका ठिकाणच्या मालकाला मी दुपारच्या वेळी स्वतःच्या बाकावर पाय पसरून बसलेला पाहिला आहे. धुतलेल्या कपबशा समोर पालथ्या मांडलेल्या होत्या.

हॉटेलाचा लिलाव झाला. पंचाहत्तर हजार डॉलर आले, ते देणी भागविण्यातच गेले. वय पासष्ट पार. सरकारी निवृत्तिवेतन महिना १०५ डॉलर. सव्वीस वर्षे ज्याने दुसऱ्यांच्या निजण्याची सोय पाहिली, तो आता स्वतःच्या मोटारीच्या मागल्या बाकावर निजू लागला. गाडीत दोन-एक कुकर, मसाल्याची पुडकी आणि अंगावर पांढरा पोशाख. गावोगावच्या खाणावळींपुढे गाडी उभी करावयाची, मालकाला आणि त्याच्या नोकरांना कोंबडी करून घालावयाची, आणि आवडली तर करार. विकलेल्या दर कोंबडीमागे चार-पाच सेंट सँडर्स यांना. किती ठिकाणी नकार मिळाला याचा एक मोठा आकडा सर्वत्र सांगितला जातो. तो मोजून ठेवणारा तेव्हा त्या गाडीत कोणी नव्हता, म्हणून मी तो येथे देत नाही.

आरंभ मात्र अगदीच अंधारात नव्हता. १९५२ सालीच सॉल्ट लेक सिटीचे एक उपाहारगृहवाले पीट हार्मन यांनी ही कृती घेतली होती आणि त्यांची विक्री कित्येक पटींनी वाढली होती. केंटकीचे नाव असलेली पाटी प्रथम त्यांच्याच दारावर लागली. मसाला क्लॉडियाबाई घरी मिसळून, पुडकी बांधून टपालाने रवाना करीत. १९६४ पर्यंत अशी सहाशेच्यावर दुकाने झाली. त्या वर्षी सँडर्स यांनी वीस लाख डॉलर घेऊन सारा व्यवहार विकला. विकत घेणाऱ्यांपैकी एक तरुण, जॉन ब्राउन, पुढे केंटकीचे गव्हर्नर झाले. सँडर्स पगारी प्रतिनिधी म्हणून राहिले, म्हणजे चेहरा त्यांचा आणि कारभार दुसऱ्यांचा. तो त्यांना कधी मानवला नाही. एखाद्या दुकानात अचानक शिरावे, रस्सा चाखावा आणि सर्वांसमक्ष त्याची अशी निर्भर्त्सना करावी की मालकाने तोंड लपवावे, असा त्यांचा क्रम म्हातारपणीही चालू होता. रश्श्यावरून कोर्टकचेऱ्याही झाल्या. १९६८ साली त्यांनी शेल्बीव्हिल येथे पत्नीच्या नावे पुन्हा एक भोजनगृह काढले. बसून जेवावयाचे, वाढप्याने वाढावयाचे, जुन्या पद्धतीचे. मला तर वाटते, त्यांना कॉर्बिनचे टेबल पुन्हा मांडावयाचे होते.

१६ डिसेंबर १९८० रोजी लुईव्हिल येथे ते वारले. वय नव्वद. राज्याच्या राजधानीत, विधानभवनाच्या घुमटाखाली त्यांचा देह लोकदर्शनासाठी ठेवण्यात आला, आणि त्याच पांढऱ्या पोशाखात लुईव्हिलच्या केव्ह हिल दफनभूमीत त्यांना मूठमाती मिळाली.

कॉर्बिनचे मोटेल पुढे पाडले गेले. भोजनशाळा राहिली, आणि १९९० साली तिची नोंद राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूंत झाली. आम्ही गेलो तेव्हा दुपार कलली होती. त्यांचे स्वयंपाकघर मांडून ठेवले आहे, आणि ती नमुन्याची खोलीही. पलंगावर चादर ताणून घातलेली. माझ्या सौभाग्यवती बराच वेळ तेथे उभ्या राहिल्या. मग आत वाकून न्हाणीघर दिसते का पाहू लागल्या, आणि येथे राहायला चालले असते, असा अभिप्राय त्यांनी मला हळूच दिला. मी कॉफी घेतली. जावईबापूंनी घड्याळ पाहिले. रात्रीच्या मुक्कामाची खोली त्यांनी आधीच ठरविली होती, ती महामार्गाच्या फाट्यावर. पाच-सात मिनिटांत आम्ही पंचाहत्तर क्रमांकाच्या रस्त्याला लागलो.